मायचं मलम: भाऊबीज ते अखाजी (अक्षय्य तृतीया)

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

ओवाळताना धाकट्या बहिणीचे हात नीट दिसले. नखांच्या कडेची कातडी उकललेली, अंगठ्याच्या पेरावर आडवी चीर, तिच्यात काळी रेघ बसलेली. कपाशीचं बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात, आणि वेचणी करणाऱ्या बाईचा हात दिवसातून हजारदा त्यांच्यातून जातो. तिने विचारलं, "भाऊ, मायनं काळं मलम शे का?" (मायचं काळं मलम आहे का?)

नव्हतं. माय ८४ वर्षांची आहे. तिने शेवटचं मलम केलं त्याला पंधरा वर्षं तरी झाली असतील. मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं ग्रीस भरलं, मलम त्याहून काय वेगळं असणार, असं म्हणून काम अंगावर घेतलं. आमच्या अमळनेरात आणि आसपासच्या खेड्यांत कुणाला हेच करायचं असेल तर माझ्यासारखे पैसे फुकट जाऊ नयेत, म्हणून तारखेवार लिहून ठेवतो आहे.

मायला कृती विचारली. तिळाचं तेल, निंबाचा पाला, एकदांडी, हळद, राळ, मेण आणि "चिमूटभर मुरदाडशिंग". किती-किती? "वजन काय इचारस रे? पसाभर पाला, वाटीभर तेल, आन् मेन लागी तितलं." किती लागतं तेच तर विचारत होतो.

६ नोव्हेंबर

बाजार केला. लाकडी घाण्याचं तिळतेल एक लिटर ३८० रुपये. काष्ठौषधीच्या दुकानातून राळ ५० ग्रॅम ३० रुपये. मेण पाव किलो १०० रुपये. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, बघून मी खूश झालो.

मायने त्या मेणाचा तुकडा तळहातावर घेतला, अंगठ्याने मळला आणि परत माझ्या हातात दिला. मळता मळता त्याचा भुगा होत होता. मोहळाचं मेण हाताच्या उबेने मऊ होतं, बोटाला चिकटतं, आणि त्याला मधाचा वास असतो. याला वासच नव्हता. हे मेणबत्तीचं मेण. शंभर रुपये पाण्यात. (दिवाळीच्या उरलेल्या पणत्यांत ओतून टाकलं.) दुसऱ्या दुकानातून खरं मेण १०० ग्रॅम आणलं, ९० रुपयांना.

पुतणी फार्मसी शिकते. तिला फोनवर यादी वाचून दाखवली. मुरदाडशिंगाशी आल्यावर तिने थांबवलं. "आप्पा, मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं भस्म. शेंदूर म्हणजेही शिसंच. ते फाटलेल्या कातडीवर लावायचं, त्याच हाताने पोराला घास भरवायचा? शिसं अंगात साठत जातं, लहान पोरांच्या मेंदूला बाधतं." कुणी मोरचूद घाला म्हणालं तर तोही घालू नका, असंही तिने बजावलं.

मायला सांगितलं. ती म्हणाली, "इतला वरीस लावं, काय व्हयनं माले?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुरदाडशिंग मात्र आणलं नाही.

१० नोव्हेंबर, पहिला घाणा

तेल ५०० ग्रॅम. निंबाचा ओला पाला आणि एकदांडी मिळून पाव किलो, पाट्यावर वाटून. एकदांडी म्हणजे बांधावर उगवते ती. लांब दांडीवर एकच फूल, मधे पिवळं, कडेला पाचेक आखूड पांढऱ्या पाकळ्या. काही जण तिला दगडी पाला म्हणतात. विळा लागला की शेतातच तिचा पाला चोळून लावतात. रस्त्याकडेची घेऊ नका, धूळ धुता धुता पाला संपतो.

वाटलेला पाला तेलात टाकला तसं ते तडतडायला लागलं. माय खाटेवरून म्हणाली, "तेल बोली ऱ्हायनं. गप्प बसू दे त्याले." चाळीस मिनिटं झाली, मला डेपोत जुन्या मंडळींना भेटायला जायचं होतं. तेल अजून कुजबुजत होतं, पण मी उतरवलं. गाळलं, ६० ग्रॅम मेण घातलं, अकरा प्लॅस्टिकच्या डब्यांत ओतलं. गरम तेलाने दोन डब्यांचे बूड वाकडे झाले. बाकीच्यांना लगेच झाकणं लावली.

संध्याकाळी उघडून पाहिलं तर रंग हिरवा-काळपट, आणि इतकं पातळ की डबी तिरपी केली की वाहायला लागे. मायने बोट बुडवून पाहिलं. "हाई मलम शे का चटनी?"

१९ नोव्हेंबर

चार डब्यांना बुरशी. वर करडे-पांढरे ठिपके, झाकणाच्या आत पाण्याचे थेंब. उरलेल्या डब्यांच्या तळाशी सुई घातली तर सुईवर पाणी आलं. सगळं फेकलं.

चूक दोन ठिकाणी झाली. तेल गप्प होण्याआधी उतरवलं, म्हणजे पाल्यातलं पाणी आत राहिलं. आणि गरम डब्यांना झाकणं लावली, म्हणजे वाफेचं पाणी वरून टपकलं. नुसत्या तेल-मेणात बुरशी धरत नाही. पाणी राहिलं तर आठवडाही टिकत नाही. नुकसान तेल, मेण, डब्या धरून साडेतीनशेच्या वर, शिवाय एक अख्खा रविवार.

२४ नोव्हेंबर

या खेपेला दोन पातेली, दोन पद्धती.

पहिलं माझं. पाला पाच दिवस सावलीत, कापडावर पसरून वाळवलेला. नुसता मऊ पडलेला चालत नाही, मुठीत चुरला की कुरकुर वाजला पाहिजे. २०० ग्रॅमचा ६० ग्रॅम झाला. तो अडीचशे ग्रॅम तेलात घातला आणि ते पातेलं पाणी उकळत असलेल्या मोठ्या पातेल्यात तीन तास ठेवलं. तेल कधीच तापून धुरावलं नाही. रंग बाटलीच्या काचेसारखा हिरवा.

दुसरं मायचं. ओला पाला वाटून तेवढ्याच तेलात, मंद आचेवर, आणि मायची खाट स्वयंपाकघराच्या दारात. दोन तास वीस मिनिटं लागली. मधे मधे ती पाल्याचा चोथा बोटांत घेऊन वळायला सांगायची. आधी तो चिखलासारखा पसरायचा, मग त्याची जाडजूड वळकटी व्हायची, आणि शेवटी समईच्या वातीसारखी सरळ वात झाली. ती वात विस्तवावर धरली. तडतड न होता जळाली. "आते काढ." काढेपर्यंत मी गाळणं शोधत बसलो, तेवढ्यात तळ लागला. वास करपट.

मायची पद्धत चूक नाही. तिला डोळा आणि कान लागतो, आणि काढायच्या त्या दोन मिनिटांत हाताशी सगळं तयार लागतं. मला वाळवलेला पालाच झेपतो. यापुढे तोच.

१ डिसेंबर

राळ उडवणे हा वाक्प्रचार मी आजवर फक्त निवडणुकीच्या बातम्यांत वाचला होता.

राळ म्हणजे साल नावाच्या झाडाचा डिंक. मलमाला चिकटपणा यावा, ते कातडीवर टिकून राहावं म्हणून घालतात. मी ती खलबत्त्यात कुटून तिचं पीठ केलं आणि गॅस चालू असताना वाटीने वरून तेलात टाकायला गेलो. थोडं पीठ कडेने ज्योतीवर सांडलं. भप्प करून पिवळा जाळ वर आला, मिशीची उजवी बाजू गेली, भुवई पोळली. जत्रेत मशालीवर राळ फेकून लोळ काढतात तो हाच प्रकार. आमच्या मंडळी (बायको) धावत आल्या, त्यांनी आधी गॅस बंद केला, मग मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पातेल्यातल्या तेलाने पेट घेतला असता तर घर गेलं असतं.

तेवढ्यावर भागलं नाही. जी राळ तेलात पडली तिचा तळाशी गोळा झाला आणि पातेल्याला लाखेसारखा चिकटला. तो डिझेलने सोडवायला दोन तास गेले. ते पातेलं आता स्वयंपाकघरातून कायमचं बाद, मलमाचंच झालं.

मग बरोबर जमलं ते असं: राळ कुटून वस्त्रगाळ केली. तेल चांगलं तापवून गॅस बंद केला, पातेलं सांडशीने उचलून अंगणात नेलं. चिमटीने भुरभुरत, सतत ढवळत राळ घातली. विरघळायला दहा मिनिटं लागली. कोमट असतानाच मलमलीतून गाळलं, कारण राळेत झाडाची साल आणि खडे निघतात. २५० ग्रॅम तेलाला १० ग्रॅम राळ, शिल्लक होतं ते ४० ग्रॅम मेण. मलम दाट झालं, छान झालं.

५ डिसेंबर

छान कुठलं. बहिणीने सकाळी मलम लावलं आणि वेचणीला गेली. दहा मिनिटांत दहाही बोटांना सरकी निघालेल्या कापसासारखी पांढरी दाढी. ओढला तर कापूस निघेना, धुवायला शेतात साबण नाही. दुपारपर्यंत तिने कोरड्या मातीत हात घासले, म्हणजे चिरा आणखी उघडल्या.

राळ जास्त झाली. आणि वेचणीआधी लावण्याची ही वस्तूच नाही. रात्री हात धुऊन, पुसून लावायचं, वरून जुने सुती मोजे चढवायचे. राळ यापुढे निम्म्याहून कमी.

८ डिसेंबर, मेणाचा दिवस

सातपुड्याच्या बाजूने मध विकायला येणारे एक पावरा आदिवासी गृहस्थ ओळखीचे झालेत. त्यांच्याकडून आग्या मोहळाचं कच्चं मेण घेतलं, एक किलो ४०० रुपये. काळी ढेप, तिच्यात मेलेल्या माश्या, परागाची भुकटी, झाडाची साल. दुकानातल्या निम्म्या भावात मिळालं म्हणून घाई करू नका, त्यातलं पुष्कळ घाणीत जातं.

साफ करायची रीत: मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेण, मंद आच. मेण साठ अंशांच्या जरा वर वितळतं, पाणी उकळायची गरजच नाही. वितळलं की जुन्या धोतराच्या कापडातून दुसऱ्या पातेल्यात ओतायचं आणि कापड दोघांनी दोन बाजूंनी पिळायचं. रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी पाण्यावर मेणाची चकती तरंगते, तिच्या खालच्या बाजूला चिखलासारखा थर असतो, तो चाकूने खरवडून काढायचा. पुन्हा एकदा तेच. शेवटी चकती पुसून, दोन दिवस वाळवून पाण्याशिवाय वितळवायची, नाहीतर पुन्हा बुरशीची गोष्ट.

पहिली खेप मी लोखंडी कढईत केली. मेण तपकिरी झालं. लोखंडाने मेणाचा रंग जातो हे नंतर कळलं. दुसरी स्टीलमध्ये केली, ती हळदीच्या पिवळ्या रंगाची निघाली. एक किलोचं हाती आलं ६४० ग्रॅम. चुलीत टाकलेल्या गाळाला असा काही वास सुटला की गल्लीतली पोरं मध कुठे आहे विचारत आली.

१५ डिसेंबर, तिसरा घाणा

काल दत्तजयंती झाली, म्हणजे सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा सुरू. दरवर्षी जातो, यंदा मलमापायी राहिली.

पाल्याचं गाळलेलं तेल ४०० ग्रॅम, मेण ८०, राळ ५. हळद मागच्या वेळी मलमात पूड म्हणून घातली होती, ती तळाशी बसली आणि उशीचे दोन पांढरे अभ्रे पिवळे करून गेली. या वेळी हळकुंड आणून घरी कुटलं, चार ग्रॅम पूड फडक्यात बांधून पाल्याबरोबर तेलात सोडली आणि नंतर पुरचुंडी काढून घेतली. हळदीचा रंग तेलात उतरतोच, गाळ तेवढा राहत नाही. अभ्र्यांचा विषय घरात अजून मिटलेला नाही.

डब्या आता पत्र्याच्या, ३० ग्रॅमच्या, सात रुपयाला एक. ओतून वर नुसतं फडकं टाकलं, पूर्ण गार झाल्यावर झाकणं लावली. पंधरा डब्या झाल्या. एकही बिघडली नाही.

२६ डिसेंबर

बहिणीचा फोन. नऊ रात्री लावलं. अंगठ्याची चीर मिटली, नखांच्या कडा मऊ आहेत. तिने एक डबी परस्पर गोठ्यात नेली. थंडीने गायीच्या सडांना भेगा पडल्या होत्या. दूध काढण्याआधी पुसून काढ एवढं सांगितलं.

पुतणीचं म्हणणं, यात निम्म्याहून जास्त काम तेल-मेणाचंच आहे. कातडीतला ओलावा उडू देत नाही, म्हणून भेग आपली आपण भरते. पाल्याचा भाग किती, हे तिने सांगितलं नाही, आणि मीही मायसमोर विचारलं नाही.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

पहाटे गच्चीवर नऊ अंश. मलम दगड झालंय. नखाने खरवडावं लागतं आणि नखातली माती डबीत जाते. थंडीसाठी एक घाणा पातळ केला: तेल ४२०, मेण ६०. आईस्क्रीमच्या काड्या उकळून, वाळवून प्रत्येक डबीबरोबर एक दिली. बोट घालायचं नाही.

दुपारी मायची गोधडी उन्हात टाकताना तिच्या घडीत एक जुनी पितळी डबी सापडली. उघडली तर आत काळं, चकचकीत, डांबरासारखं मलम, बोटाने खोदलेला ताजा खळगा. म्हणजे ही पंधरा वर्षं जपून टाचेला लावत होती. मी विचारलं तर म्हणाली, तुझं पिवळं मलम तुझ्या बहिणीला दे.

बराच वेळ बसून समजावलं. नातीचं पोर तिच्याच अंथरुणात खेळतं, ते सगळं तोंडात घालतं, हे सांगितल्यावर डबी दिली. उकिरड्यावर टाकली तर तिथे कोंबड्या, म्हशी. गटारात टाकवत नाही. सध्या काचेच्या बरणीत बंद करून, वर लाल रंगाने "विष" लिहून माळ्यावर ठेवली आहे.

९ फेब्रुवारी

हे लिहायचं की नाही यावर दोन दिवस घातले.

शेजारचे नाना, साठीचे, शुगर आहे. मळ्यात बाभळीचा काटा चपलेतून आरपार टाचेत गेला. त्यांनी काटा उपटला आणि माझ्याकडे आले. मी डबी दिली. दोन वेळा लावा म्हणालो. ते रोज संध्याकाळी ओट्यावर भेटायचे, कसं आहे विचारलं की म्हणायचे, काही दुखत नाही, चांगला गुण आहे. पाचव्या दिवशी वास आला. चप्पल काढायला लावली तर टाचेवरचं तोंड मलमाने गच्च मिटलेलं, भोवतीची कातडी जांभळी, दाबली की आतून पू. दुखत नव्हतं कारण शुगरने पायाची जाणीवच गेली होती. गुण वगैरे काही नव्हता.

त्याच रात्री त्यांना दवाखान्यात नेलं. जखम उघडून साफ केली, काट्याचं टोक आतच होतं. सहा दिवस भरती. पाय वाचला. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन विचारलं, धनुर्वाताचं इंजेक्शन तरी दिलं होतं का? ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नाना आजही मला दोष देत नाहीत. डबी मी दिली होती.

तेव्हापासून प्रत्येक डबीच्या झाकणावर चिठ्ठी: फक्त वरवरच्या भेगा, खरचटणं, कोरडी कातडी. खोल जखम, काटा, खिळा, जनावराचा चावा, पू आलेलं काहीही, शुगरवाल्यांच्या पायाची कुठलीही जखम: लावू नये, दवाखाना. भाजलं असेल तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं, मलम नाही, हळद नाही. अक्षर बारीक झालं म्हणून चिठ्ठी दोन्ही बाजूंनी लिहिली.

आणखी एक: समोरच्या वहिनींना मनगटावर लाल पुरळ उठलं. राळेने की हळदीने, कळायला मार्ग नाही. काहींना राळ सोसत नाही. आता नव्या माणसाला आधी कोपराच्या आत मसुराएवढं लावून एक दिवस थांबायला सांगतो. भेगांवर बिब्बा घालणाऱ्यांना तर हातच जोडतो. बिब्ब्याचे फोड मी वर्कशॉपात एका पोराच्या पायावर पाहिलेत.

२७ मार्च

बहीण बसस्टँडवर उतरली आणि पिशवी उघडून दाखवली. डिसेंबरच्या चार डब्या गाडीच्या डिकीत राहिल्या होत्या. मलमाचं तेल होऊन पिशवी, आधार कार्ड, पोरीचं दप्तर, सगळं निंबाच्या वासाचं. तिच्या नवऱ्याची पांढरी पँटही.

रात्री या भानगडीचा विचार करत बसलो तेव्हा एक गोष्ट डोक्यात शिरली. माय मेण घालायची ते अगदी थोडं, तरी तिचं मलम भर वैशाखात टणक असायचं. कसं? पुतणीला फोन लावला. मुरदाडशिंग तेलात शिजवलं की तेलाचा आणि शिशाचा साबण होतो, घट्ट आणि चिकट. पूर्वी त्याच्या पट्ट्या करून जखमेवर डकवायचे. म्हणजे मायचं मलम मेणाने नव्हे, शिशाने उभं होतं. ग्रीसमध्येही तेलाला धरून ठेवतो तो साबणच, हे मी तीस वर्षं हाताने चिवडत होतो. शिसं काढलं पण मेण तेवढंच धरलं, तिथे माझा पहिला घाणा वाहिला. आता त्याची भरपाई मेणानेच करायची.

६ एप्रिल, रामनवमी

चार डब्या, चार प्रमाणं. एक भाग मेणाला तेल पाच, चार, साडेतीन, तीन. गच्चीवरच्या पत्र्याखाली सावलीत ठेवल्या; दुपारी दोनला तिथे ४२ अंश. प्रत्येक डबीत मलमावर दहा रुपयांचं नाणं आडवं ठेवलं. वर्कशॉपात ग्रीस असंच अंदाजाने बघायचो, फक्त नाण्याऐवजी नट असायचा.

दहा मिनिटांत पाचवाल्या डबीत नाणं दिसेनासं झालं. चारवाल्यात कडेपर्यंत रुतलं. साडेतीनवाल्यात नुसता ठसा उठला. तीनवाल्यात काहीच नाही, पण ते कातडीवर लावताना मेणबत्ती घासल्यासारखं ओढतं, आणि भेगेवर ओढलं की डोळ्यांत पाणी येतं.

१३ एप्रिल

मेण कमी करून कोकम तेलाचा गोळा घालून पाहिला. किराणा दुकानात मिळतो, टाचांसाठी लोक तसाच चोळतात. अंगाच्या उबेने विरघळतो, म्हणून ओढणार नाही असा हिशेब. तेल ३००, मेण ६०, कोकम ६०. गार झाल्यावर बोटाखाली रवा लागला. दाणे दाणे. हळू गार झालं की कोकम असं दाणेदार होतं. पुन्हा वितळवून डब्या परातीत माठाच्या पाण्यात बोटभर उंचीपर्यंत ठेवल्या आणि दाट होईपर्यंत काडीने ढवळत राहिलो. दाणे कमी झाले, गेले नाहीत. मंडळी म्हणाल्या, शिरा करायचा तर सरळ रवा आणा.

२७ एप्रिल

उन्हाळी घाणा, जमलेला: पाल्याचं तेल ३००, मेण ८०, कोकम २०, राळ ४, हळदीची पुरचुंडी तीन ग्रॅम. पातेल्यात सगळं एकजीव करून गॅस बंद, राळ अंगणात, गाळणं, डब्या, परातीत गार. नाण्याचा ठसाच उठतो, दाणा लागत नाही. डिकीत मात्र हेही ठेवू नये, चाचणीला ठेवलं तेव्हा वरचा थर पातळ झाला. घरात माठाच्या मागे भिंतीला लावून ठेवलेल्या डब्या सगळ्यांत चांगल्या राहतात.

आजवरचा खर्च, फुकट गेलेलं धरून, २,६४० रुपये. वापरता येण्याजोग्या डब्या ४१. मिशी वेगळी.

३० एप्रिल, अखाजी

माहेरवाशिणी आल्या. निंबाला झोका बांधला, पोरी गाणी म्हणताहेत, घरात सांजोऱ्या आणि आमरस. बहिणीची बोटं आता नीट आहेत, पण कपाशीही शेतात नाही. खरा कस वेचणी सुरू झाल्यावर.

मायला नवी डबी दिली. तिने झाकण काढून वास घेतला, काडी बाजूला ठेवून बोटच घातलं, दोन बोटांत मळून ताणून पाहिलं, उन्हाकडे धरलं.

"चिकटस तं बरं," ती म्हणाली. "पन काळं नही."

मग टाच उचलून मांडीवर घेतली आणि भेगेत भरायला लागली. बारा डब्यांपैकी सात बहिणीने नेल्या, तिच्याबरोबर वेचणीला जाणाऱ्या बायांसाठी. चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखव म्हणून सांगितलंय, कारण त्यातल्या तिघींना वाचता येत नाही. मेण ३३५ ग्रॅम शिल्लक आहे, कागदात गुंडाळून ठेवलंय.